गढीवरची लग्नं : फोटोच्या कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

काटोल रोडच्या गढीचं काम पक्कं झालं, अ‍ॅडव्हान्सही आला. या सीझनला घरातली दोन लग्नं गढीवरच लावायची ठरली आहेत, नोव्हेंबरच्या शेवटी गढीच्या मालकांच्या, म्हणजे काकांच्या, मुलीचं आणि फेब्रुवारीत त्यांच्या पुतणीचं, आणि मधे डिसेंबरमध्ये पुतण्याच्या लग्नानंतरचा सत्यनारायण. जागा एकच पण महिने वेगळे म्हणजे उजेड वेगळा. नागपुरात आपलं काम म्हणजे आज हा लॉन उद्या तो हॉल, जागेची ओळख व्हायच्या आत पॅकअप, त्यामुळे असं काम मिळालं याचा खूप आनंद आहे आणि म्हणूनच नोंदी ठेवून राहिलो. टीमला कामी येतील, आणि कोणाला जुन्या वाड्यात शूट करायचं असेल तर त्यालाही.

गढी म्हणजे टेकाडावरचा मातीचा कोट, चार बुरुजांपैकी दोन धड उभे, आत दोन मजली वाडा, मधे चौक, बाहेर चहूबाजूंनी संत्र्याची बाग. घराणं मालगुजारांचं. भोसल्यांच्या काळात पाटीलकी, १८५३ ला इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं त्यानंतरच्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात मालगुजारी (गावाचा सारा गोळा करायचा हक्क), आणि १९५० च्या कायद्यानं १९५१ मध्ये ती गेली, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. जमीन बरीच गेली, गढी आणि बागेचा एक तुकडा राहिला. गावात मात्र काकांना अजून मालगुजारच म्हणतात.

लोक विचारतात की किल्ल्यात लग्न करायचंय, कुठे परवानगी मिळेल? नागपुरात किल्ला म्हटलं की सीताबर्डी, तो लष्कराकडे, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी लोकांना आत जाता येतं. संरक्षित स्मारकात मांडव टाकायचा विषयच नाही. २०१९ मध्ये राज्यातले काही किल्ले हॉटेल आणि लग्नासाठी देणार अशी बातमी आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, शेवटी महाराजांच्या इतिहासाशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. मला स्वतःला तो राग पटला होता. ही गढी घरच्यांची राहती जागा आहे, त्यांच्या आज्या-पणज्यांची लग्नं याच चौकात लागलेली, त्यामुळे इथे लग्न म्हणजे बाहेरून आणून बसवलेली गोष्ट नाही, आणि फोटोही तसेच दिसले पाहिजेत असं पहिल्या दिवसापासून डोक्यात आहे.

११ ऑक्टोबर

नवरीशी व्हिडिओ कॉल झाला. ताई एडिनबर्गला शिकली, आता तिकडेच नोकरी. तिकडच्या किल्ल्यांतल्या लग्नांचे खूप फोटो तिनं पाठवले, दगडी भिंती, हिरवं लॉन, मेणबत्त्या. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्यानंतर किल्ल्यात, जुन्या हवेलीत रजिस्टर लग्न लावता येऊ लागलं, आणि आता तो तिकडे मोठा धंदाच आहे. फोटो सुंदर आहेत, पण त्यातला उजेड तिकडचा आहे. एडिनबर्गला जूनच्या शेवटी सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे जेवणं उरकून बाहेर आलं तरी सोनेरी ऊन असतं. आपल्याकडे २८ नोव्हेंबरला, लग्नाच्या दिवशी, साडेपाचला सूर्य गेला. आणि मुहूर्त गोरज, म्हणजे ऐन सूर्यास्ताचा. तेव्हा जोडप्याचे फोटो लग्नानंतर काढू हे जमणारच नाही, सव्वाचार ते पाच हा वेळ बागेसाठी राखून ठेवायचा आणि त्यासाठी नवरीची तयारी साडेतीनला पूर्ण पाहिजे. ताईनं लगेच मान्य केलं. पार्लरवालीला आत्तापासून सांगून ठेवणार आहे, मामींनाही, कारण उशीर नेहमी साडीच्या निऱ्यांपाशी होतो.

२० ऑक्टोबर

रेकी, म्हणजे जागेची आधी पाहणी. सकाळी काटोल रोडवरचं फेटरी सोडलं तसं रस्त्यावर संत्र्याचे मेटाडोर लागले, आंबिया बहाराचा (हिवाळ्यात फुललेल्या संत्र्यांचा) तोडा चालू झालाय, माल नागपूरच्या कळमना बाजारात जाऊन राहिला. बागेतल्या वाटेवर धूळ भरपूर, लेन्स तिथे बदलायची नाही.

आजचं मुख्य काम चौक. टेप लावला, साधारण ३० बाय ३० फूट, चारी बाजूंनी २० फूट उंच भिंती. आता हिशोब असा की नोव्हेंबरच्या शेवटी नागपूरला भर दुपारी बारालाही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, जमिनीपासून ४८ अंशांच्या आसपास, म्हणजे दक्षिणेच्या २० फुटी भिंतीची सावली १८ फुटांवर येते. निम्म्याहून जास्त चौक सावलीत! आणि समोरच्या उत्तरेच्या भिंतीवर लख्ख ऊन. भिंतीला जुना चुन्याचा गिलावा आहे, थोडा पिवळट पडलेला, त्यावरून परत येणारा उजेड इतका मऊ की त्याच्यासमोर आमचे सॉफ्टबॉक्स काढायची गरज नाही. असिस्टंटला दक्षिणेच्या ओसरीसमोर सावलीत, उत्तरेकडे तोंड करून पाटावर बसवलं, चेहऱ्यावर एकसारखा प्रकाश, डोळ्यांत समोरच्या भिंतीची चमक. हळदीची जागा हीच. हीच गोष्ट मे महिन्यात केली असती तर सूर्य थेट डोक्यावर, नाकाची सावली ओठांवर, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. आपल्याकडची निम्मी लग्नं मे मध्ये असतात त्याला इलाज नाही, पण गढीवर करायचं असेल तर हिवाळ्यात करा असं मी तरी प्रत्येकाला सांगीन.

माजघर आणि देवघर हा वेगळाच विषय. सागवानी खांब, लाकडी पाटणीचं छत, पिढ्यानपिढ्यांच्या चुलीच्या आणि समईच्या धुरानं काळंभोर झालेलं. वर फ्लॅश मारून बाउन्स करायचा तर ते छत उजेड गिळून टाकतं आणि जो थोडा परत देतं तो तपकिरी. तिथे खिडकी आणि समई एवढ्यावरच काम करायचं, ३५ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स), एफ १.८, आयएसओ ३२०० किंवा लागलं तर ६४००. नवे कॅमेरे एवढं आरामात सहन करतात, आणि थोडा ग्रेन आला तरी गौरीहराला बसलेल्या नवरीचा फोटो समईच्या उजेडातच खरा वाटतो.

निघताना काकांनी कपाटातून एक फोटो काढून दाखवला, १९५० च्या दशकातला, त्यांच्या वडलांच्या लग्नाचा. उत्तरेच्या ओसरीच्या पायऱ्यांवर अख्खं घराणं, मागे फेटे, मधे पगड्या-टोप्या, खुर्च्यांवर बाया पदर घेऊन, पुढे सतरंजीवर पोरं. सगळ्यांचे डोळे बारीक झालेले कारण थेट ऊन तोंडावर. तेव्हाच्या फिल्मला उजेड जास्त लागायचा, फोटोवाल्यानं माणसं मुद्दाम उन्हात उभी केली असणार. पुढे मांडी घालून बसलेली पाच वर्षांची मुलगी म्हणजे आत्याबाई, त्या आहेत अजून, नोव्हेंबरच्या लग्नाला येणार. मी काकांना तिथेच शब्द दिला, याच पायऱ्यांवर असाच ग्रुप फोटो घेऊ.

२ नोव्हेंबर

डेकोरेटरसोबत मीटिंग. प्लॅनमध्ये चौकावर गुलाबी-पिवळा मांडव, चारी भिंतींना पडदे, फुलांची कमान आणि तिच्यामागे फ्लेक्स, त्यावर राजस्थानी महालाचा फोटो! गढीत बसून महालाचा फोटो कशाला हवा? मी शांतपणे दोन प्रिंट पुढे ठेवल्या, एक पिवळ्या कापडाखाली काढलेला चेहरा आणि एक पांढऱ्या कापडाखालचा. रंगीत कापडातून गाळून आलेला उजेड चेहऱ्याला तोच रंग देतो, हळदीच्या दिवशी तर आधीच सगळं पिवळं, त्यात वरून पिवळा मांडव म्हणजे माणसं काविळीची दिसतात, आणि एडिटिंगमध्ये चेहरा दुरुस्त केला की शालू बिघडतो. तो माणूस समजूतदार, पटलं त्याला. ठरलं ते असं, वर पांढरं मांजरपाट, तेही कडेकडेनं, मधे आकाश मोकळं, भिंती उघड्या, आंब्याची तोरणं, झेंडू फक्त खांबांना. जांभळे-निळे एलईडी पार लाइट (स्टेजवरचे रंगीत दिवे) एकही नाही, सगळीकडे एकाच प्रकारचे वॉर्म बल्ब, ३००० केल्विनच्या आसपासचे.

खिळ्यांचा विषय काकांनीच संपवला. "माह्या सागवानाले एक जरी खिळा लागला न भाऊ, त मांडव माह्या हातानं उपटून बाहीर फेकीन." सगळं सुतळीनं बांधणार.

१० नोव्हेंबर

ही नोंद सगळ्यांनी वाचा. ईशान्येच्या बुरुजाला, वरच्या जंग्यांच्या (मारा करायच्या भोकांच्या) खाली, आग्यामोहोळ आहे. एक नाही, चांगली परातीएवढी दोन पोळी. काका म्हणतात पावसाळा संपला की दरवर्षी येतात, त्यांच्या आजाच्या काळापासून, आणि संत्र्याच्या फुलाला माशी लागतेच म्हणून घरातलं कोणी त्यांना हात लावत नाही. मला हे फार आवडलं. पण लग्नात धूर, फटाके, ढोल-ताशा, रात्रीचा झगझगीत उजेड, यातलं काहीही त्या माश्यांना उठवू शकतं, आणि आग्या माशी एकदा उठली की पाठलाग करते, जुन्या किल्ल्यांवर असे प्रकार झालेले आहेत. रात्री तर त्या दिव्याकडेच येतात.

म्हणून बुरुजावर फ्लडलाइट नाही. (डेकोरेटरच्या प्लॅनमध्ये नेमका तिथेच होता.) फटाके नाहीत, वरात पश्चिमेच्या दरवाज्यानं आत येईल आणि बँड देवडीच्या बाहेरच थांबेल. नवरदेवाकडचे पोट्टे थोडे नाराज झाले, पण काकांनी फोन करून सांगितलं तेव्हा विषय मिटला.

ड्रोन हवाच असं दोन्हीकडचं म्हणणं. डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी साइटच्या नकाशावर गाव ग्रीन झोनमध्ये आहे, विमानतळापासून लांब, ४०० फुटांपर्यंत चालतं. आपला ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला, पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण ज्याच्याकडे सर्टिफिकेट आहे तोच उडवेल. उडवायचा बागेच्या नैऋत्य टोकावरून, बुरुजाच्या बाजूला अजिबात न्यायचा नाही, आणि दोनच शॉट, संध्याकाळी वरात बागेतून येतानाचा आणि मागे अख्खी गढी.

२१ नोव्हेंबर

संध्याकाळी लाइट टेस्ट. जनरेटरवर माळा लावून पाहिल्या, डोळ्यांना सगळं छान पण फोटोत आडवे पट्टे. स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर साधा असतो, आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, शटर १/२५० ठेवलं की एका फ्रेमचा वरचा भाग उजळ, खालचा काळा. मेकॅनिकल शटर, १/१००, पट्टे गायब. सायलेंट शटर तर अशा दिव्याखाली कोणीच चालू करायचं नाही, मंगलाष्टकांत आवाज नको वाटला तरी. दोन माळा फारच खराब होत्या, त्या बदलून मागितल्या, डेकोरेटरनं हो म्हटलं आहे.

गुरुजींना भेटून आलो. हे काम बरेच जण करत नाहीत आणि मग अंतरपाट खाली येताना भलत्याच बाजूला उभे असतात. मुहूर्त ५ वाजून ४१ मिनिटं. गुरुजी म्हणाले, आत्याबाई स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणणार, मामा म्हणणार, मग मी घड्याळ बघून शेवटचं कडवं घेईन. त्यांनी स्वतःहून सांगितलं की "तदेव लग्नं" सुरू केलं की तुम्ही तयार राहा. एवढं कळलं की बास. सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटं आकाशात निळा उजेड टिकतो, ५:४१ म्हणजे त्याच्या अगदी मधोमध, वर निळं आकाश, खाली बल्बचा पिवळा. या दहा मिनिटांसाठी मी ही सगळी धडपड करून राहिलो.

२७ नोव्हेंबर

हळद. चौकात सगळं हिशोबाप्रमाणे, बाराला सावलीची रेघ पाटाच्या पुढे चार हातांवर. बाया गाणी म्हणत होत्या, जात्यावर हळद दळायचा मान पाच सवाष्णींचा, त्यांचे हात अगदी जवळून घेतले, बांगड्यांत अडकलेली हळदीची पूड स्वच्छ दिसते. पांढऱ्या मांजरपाटाची मेहनत आज वसूल झाली. जेवायला गोळाभात, कढी आणि वांग्याची भाजी, टीमला काकूंनी स्वतः वाढलं.

२८ नोव्हेंबर

रात्री दोन वाजता लिहून राहिलो, झोप येत नाहीये.

पावणेचारला ग्रुप फोटो. या वेळेला सूर्य इतका खाली आलेला की अख्खा चौक सावलीत, जुन्या फोटोत डोळे मिटायला लावणारं ऊन आज पूर्वेच्या भिंतीच्या फक्त वरच्या टोकाला. ट्रायपॉड छातीच्या उंचीवर, ५० ची लेन्स, एफ ८, १/१२५, फोकस दुसऱ्या रांगेवर. माणसं खूप, सत्तरच्या वर असतील. जुन्या फोटोची मोठी प्रिंट स्टँडवर ठेवली होती, ती बघून लोक आपापल्या आजोबांच्या जागेवर जाऊन उभे राहायला लागले, कोणी न सांगता. आत्याबाई मधल्या खुर्चीवर. त्यांनी एकदा मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "टोपी घाला रे डोक्यावर, बोडके नका उभे राहू," आणि मग टोप्या शोधायला पळापळ, बागेतल्या तोडणीवाल्यांनी आपल्या टोप्या दिल्या. त्या तोडणीवाल्यांनाही काकांनी बोलावून डाव्या बाजूला उभं केलं, जुन्या फोटोत त्या बाजूला फक्त भिंत होती.

कँडिडच्या नादात ग्रुप फोटो आपल्या धंद्यात मागे पडला, नवी मुलं त्याला कंटाळवाणं काम समजतात. मला तसं वाटत नाही. साठ-सत्तर वर्षांनी कपाटातून काढून "हा कोण, ती कोण" विचारलं जातं ते याच फोटोवर.

सव्वाचार ते पाच बाग. संत्री लगडलेली, पानांतून येणारं तिरपं ऊन, ८५ ची लेन्स, बाकी काही करायला लागलं नाही. ताई आणि नवरदेव नुसते चालत बोलत राहिले.

मुहूर्त. अंतरपाटाच्या बाजूनं पायरीवर मी, समोरून दुसरा कॅमेरा, वर गॅलरीतून तिसरा. आदल्या दिवशी ताईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मंगलाष्टकांत मोबाइल खिशात आणि अक्षता हातात, बहुतेकांनी ऐकलं. "तदेव लग्नं" सुरू झालं, अंतरपाट सरकला, अक्षता उडाल्या, १/१०० ला तांदळाचे दाणे थोडे लांबट रेघांसारखे येतात आणि ते मला गोठलेल्या दाण्यांपेक्षा जास्त आवडतात. वरचं आकाश अगदी हवं तसं निळं. भिंती दिसतात, चुन्याचे पोपडे दिसतात, कोनाड्यांतले दिवे दिसतात. फ्लेक्स नाही.

माश्या शांत राहिल्या.

कार्ड दोन्ही स्लॉटमध्ये चालूच होते, आता दोन हार्ड डिस्कवर कॉपी लागली आहे, तिसरी प्रत उद्या भावाच्या घरी जाईल.

१३ डिसेंबर

सत्यनारायण. काम छोटं, सकाळी दहाला सुरू दुपारी एकला संपलं. माजघरातलं देवघर आणि केळीचे खांब, समईचा उजेड पुरला. तेवढ्या वेळात काकांच्या परवानगीनं घरातले जुने सगळे फोटो मॅक्रो लेन्सनं कॉपी करून घेतले, दोन बाजूंना ४५ अंशांवर लाइट, वर काच नाही, चमक येत नाही. काहींवर बुरशी चढू लागली होती, हे काम आणखी काही पावसाळे राहिलं असतं तर चेहरे गेले असते.

१६ फेब्रुवारी

पुतणीचं लग्न. यावेळी मुहूर्त सकाळी ११ चा, त्यामुळे सगळं गणित वेगळं. सूर्य आता वर आलाय, दुपारी ५६ अंशांच्या आसपास, चौकातली सावली तेरा-साडेतेरा फुटांवर आली आहे, म्हणून बोहलं दक्षिणेकडे पाच फूट सरकवायला लावलं. मृग बहाराची (पावसाळ्यात फुललेली) फळं झाडावर आणि आंबियाची फुलं त्याच वेळी, चौकापर्यंत वास येतो. फुलांवर दिवसभर माश्या, म्हणून बागेत जोडप्याला फक्त कडेच्या वाटेनं फिरवलं आणि अत्तर लावू नका असं आधीच सांगितलं होतं.

या लग्नाची फ्रेम पाठवणीची. नोव्हेंबरमध्ये पाठवणी रात्री झाली होती, गाडीच्या हेडलाइटमध्ये. आज साडेपाचला, सूर्यास्त सहा वाजून दहा-बारा मिनिटांनी, दरवाजा पश्चिमेला, तिरपं ऊन देवडीच्या फरशीवर आतपर्यंत आलेलं. मोठे दरवाजे काकांनी बंद ठेवायला सांगितले, लेक दिंडी दरवाज्यातूनच (मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दारातूनच) जाते अशी घरची पद्धत. दिंडी एवढी बुटकी की प्रत्येकाला वाकावंच लागतं. मी आत अंधारात भिंतीला टेकून, मीटरिंग बाहेरच्या उजेडावर, आतलं सगळं काळं पडू दिलं. तिनं उंबऱ्यावर हात टेकवला, वाकली, आणि वाकताना आईचा हात तिच्या पाठीवर, दोघींच्या कडांना ऊन लागलेलं, दरवाज्याचे मोठे लोखंडी खिळे बाजूला चमकत. इथे फ्लॅश मारला असता तर यातलं काहीच उरलं नसतं.

१ मार्च

अल्बमचं काम. दोन्ही लग्नं एकाच पुस्तकात घ्यायची काकांची इच्छा, जुने कॉपी केलेले फोटो सुरुवातीला. ग्रुप फोटो वेगळा, २० बाय ३० इंच, कॉटन पेपरवर पिगमेंट प्रिंट, आत्याबाईंसाठी एक आणि ओसरीसाठी एक. ओसरीत ऊन येतं म्हणून तो उत्तरेच्या भिंतीला लावायचा नाही हे काकांना सांगितलंय.

पुढच्या सीझनसाठी शेजारच्या तालुक्यातून एका जुन्या वाड्याची विचारणा आली आहे. त्यांना पाठवायची यादी तयार केली: चौकाची लांबी-रुंदी आणि भिंतींची उंची मोजून कळवा, दरवाजा कुठल्या दिशेला ते कळवा, मोहोळ आहे का बघा, मुहूर्त ठरवायच्या आधी एकदा माझ्याशी बोला. डेकोरेटर आपलाच, त्यानं मांजरपाटाचे तागे जपून ठेवले आहेत.